टिनाखालचे मामा

रायपुरातलं वैशाखातलं अंधड ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही, म्हणून मी सांगताना कमीच करून सांगतो. एका वर्षी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात असा वारा सुटला की समोरच्या घरातली कुकरची शिट्टी उडून आमच्या स्वयंपाकघरात येऊन वाजली. मी उठून गॅस बंद करायला गेलो, तेव्हा आठवलं, आमच्याकडे त्या दिवशी कुकर लावलाच नव्हता.

तर अशा गावात घर राखायचं म्हणजे तयारी लागते, आणि तयारी म्हटली की आमच्या समोरचा देवीदास. याच्या आजोबांनी वऱ्हाड सोडलं आणि रायपुरात कचेरी धरली. तेव्हापासून घरात सगळे बाबूच निपजले. गुढी उतरली की देवीदासची लगबग सुरू. खिडक्यांतले कूलर तारेने ग्रिलला आवळायचे. गच्चीवरची पाणी जायची भोकं काडी घालून मोकळी करायची. कडुनिंबाच्या फांद्या छाटायच्या, आपल्याही आणि शेजाऱ्याच्याही. मेणबत्त्या, बॅटऱ्या, इन्व्हर्टरमधलं पाणी, सगळं बघून ठेवायचं. आणि मग कमरेवर हात ठेवून वर बघायचं. वर त्याची टिनं होती.

गच्चीवर लोखंडी अँगल उभे करून त्याने निळ्या रंगाच्या टिनांचं शेड घातलं होतं. खाली पक्का स्लॅब, वर हे शेड, मध्ये घरातूनच जाणारा जिना. मुलगी रुचिता एकुलती एक, पण लाडकी विचाराल तर टिनं. अडचण एवढीच की ती दर वर्षी उडायची. पहिल्या वर्षी त्याने वर टायर ठेवले, गोटे ठेवले, आजीचं जातं ठेवलं. टिनं गेली ती सगळं घेऊन गेली. जातं पंडरीच्या बाजारात एका कापडवाल्याच्या गादीवर उतरलं, आणि तो भला माणूस त्यावर अजून हळद दळतो. दुसऱ्या वर्षी देवीदासने टिनं पाण्याच्या भरल्या टाकीला बांधली. मग टाकीही गेली. त्या संध्याकाळी जयस्तंभ चौकात पाऊस झाला असं लोक सांगतात, तो ढगांचा नव्हता.

तिसऱ्या वर्षी मामा आले.

अनंतराव, देवीदासच्या आईचे सख्खे भाऊ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. बायको इंदू वारली, मूलबाळ नाही, म्हणून भाच्याकडे राहायला आले. अंगाने असे की स्टेशनावरून त्यांना आणणाऱ्या रिक्षाचं पुढचं चाक तात्यापाऱ्यापर्यंत जमिनीला लागलंच नाही. पंगतीत बसले की वाढपी आपसात चिठ्ठ्या टाकायचे. मात्र एवढा मोठा माणूस एकाच गोष्टीला भ्यायचा. वीज. लहानपणी अकोल्याकडे शेतात याच्या डोळ्यांसमोर बाभळीवर वीज पडली होती आणि बाभळीखाली याचा बैल बांधलेला होता. तेव्हापासून आकाश गुरगुरलं की मामा जिन्याखालच्या कोपऱ्यात पोत्यावर जाऊन बसायचे, डोळे मिटून, दोन्ही कानांत बोटं घालून. त्यांना दुसरं काही नको होतं. जिन्याखालची तेवढी जागा हवी होती.

पहिल्याच गडगडाटाला शेजारची सुशीला दाई फाटकाशी उभी होती. ती छत्तीसगढी, दाई म्हणजे त्यांच्यात आई, मनाची साधी. आत मामा बसलेले पाहून सहज बोलून गेली, "ममा-भांचा एके छानी तरी झन राहव गा. गाज गिरथे."

मामा-भाचे एका छपराखाली असले की वीज पडते. हे आपल्या वऱ्हाडातही म्हणतात. आपण ऐकतो, हसतो, जरा लांब सरकून बसतो, झालं. पण देवीदासने ते ऐकलं आणि त्याची मान हळूच वर गेली, टिनांकडे.

"मामा," तो म्हणाला, "उठा."

"काहून?"

"वीज चमकून राहिली. तुम्ही मामा, मी भाचा. एका छपराखाली नाही चालत."

"मंग तू जा ना शेजारी घडीभर."

"मी घरचा माणूस. मी काहून जाऊ? तुमच्यासाठी वेगळं छप्पर आहे ना वर! अन् खास तुमच्यासाठी बंगई टांगली आहे."

बंगई खरंच टांगली होती, मामांचं अंग पाहिलं त्याच दिवशी. शेडच्या मधल्या अँगलला चार साखळ्या, साखळ्यांना जाड सागवानी पाट. मामा रडकुंडीला आले. हातापाया पडायचे तेवढे बाकी होते, तर देवीदासने पायच पुढे केला.

ही रीतही इथलीच. छत्तीसगढात भाचा म्हणजे राम, कारण कौसल्येचं माहेर इकडचं. मामा वयाने कितीही मोठा असो, तो भाच्याच्या पाया पडतो. मराठी घरात कोणी असं करत नाही, पण देवीदास सोयीने मराठी आणि सोयीने छत्तीसगढी होता. लग्नात मानपान घ्यायचं तर वऱ्हाडी, मामाकडून पाया पडून घ्यायचं तर इथला. इथल्या लोकांत त्याच रीतीने मामा-भाचे एकमेकांवर जीव टाकतात. तेवढा भाग त्याने घेतला नव्हता.

मामा वाकले, भाच्याच्या पायांना हात लावला, आणि जिना चढून बंगईवर जाऊन बसले. अंधड आलं. गल्लीतली निम्मी छपरं उठून चालायला लागली. देवीदासची टिनं वर व्हायला गेली, साखळ्या ताणल्या, आणि खाली मामा. जागची हलली नाहीत! वर विजा कडकडत होत्या, मामा कानांत बोटं घालून लहान मुलासारखे ओरडत होते, आणि खाली देवीदास आनंदाने बायकोला म्हणाला, "कलावती, ऐकलं का? टीन वाजून नाही राहिलं."

"मामाजीच वाजून राहिले," कलावती म्हणाली आणि कढी ढवळू लागली.

त्या दिवसापासून मामा त्या घरात सुखाने जेवले, हे मी खोटं सांगणार नाही. चैत्र-वैशाखात त्यांना साजूक तूप, पुरण, वडाभात. कलावती स्वतः आग्रह करायची. "घ्या ना मामाजी, आज मौसम खराब आहे." रुचिता मोबाईलवर हवामान बघून ओरडायची, "मम्मी, ऑरेंज अलर्ट! आबा को दो लड्डू और दे दो!" या पोट्टीला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदी. मामा एक डोळा खिडकीवर ठेवून लाडू खायचे. समोर तुपाची वाटी आणि वर काळं आभाळ, असं जेवण मी दुसऱ्या कोणाला जेवताना पाहिलं नाही. आणि पाऊस एकदा नीट लागला, वारे संपले, की दुसऱ्या दिवसापासून ताटात बासी. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी मिठाशी खायचा. उन्हाळ्यात इथली माणसं ती चवीने खातात, सोबत कांदा घेतात, चटणी घेतात. मामांना ती श्रावणापासून फाल्गुनापर्यंत दोन्ही वेळा, कांद्याशिवाय.

"म्हाताऱ्या माणसाले जड पचत नाही," कलावती बायकांत सांगायची.

अशाने मामा फाल्गुनात वाळायचे आणि वैशाखात भरायचे. पण माणसाचं अंग म्हणजे काही धानाची कोठी नव्हे, दर वर्षी तेवढीच भरेल. प्रत्येक फाल्गुनात ते आधीपेक्षा बारीक होऊन निघायचे. शेवटी एका चैत्रात मामा बंगईवर बसले आणि टिनं फडफडली.

मामांनी संधी साधली. "देवीदास, मी हलका झालो रे बाप्पा. आता माह्या भरवशावर टिनं राहत नाहीत. मले जिन्याखाली बसू दे. तिथं तुले दिसणारबी नाही मी."

देवीदास विचारात पडला. वर्षभर खाऊ घालायचं म्हटलं तर कलावतीचं तोंड वाकडं. ती म्हणाली, "वजनच पाहिजे ना? मंग भाताचंच काहून पाहिजे?" आणि मामांचा रेल्वेतला काळा कोट बाहेर काढला. आतून-बाहेरून खिसे शिवले. खारुन नदीवरून देवीदास पोतं भरून गोटे घेऊन आला. कोटात गोटे भरले, कोट मामांना घातला, आणि बटणं पुढे होती ती काढून कलावतीने पाठीवर लावली. मामांचा हात तिथे पोचत नव्हता.

"टोचतात रे," मामा म्हणाले.

"टोचत असतील तं हलू नका," देवीदास म्हणाला.

मग वैशाखातलं तूपही बंद झालं. लागतच नव्हतं. कलावतीचा हिशेब साफ होता, गोटा एकदा आणला की झालं, त्याला रोज वाढावं लागत नाही. आभाळ भरून आलं की कोट चढवायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरून मामांना वर न्यायचं, बंगईवर ठेवायचं. वर जायच्या आधी मामा वाकून भाच्याच्या पाया पडायचे. गोट्यांच्या वजनाने एकदा वाकले की उठायला येत नसे. देवीदास कॉलर धरून उठवायचा.

गल्लीत कोणी बोललं नाही का? बोललं. मीच एकदा म्हटलं, "देवीदास, म्हाताऱ्याचे हाल करून राहिला तू." तो म्हणाला, "भैया, तुमचं टीन मागच्या वर्षी उडालं, की माझं?" माझंच उडालं होतं. मी आपल्या खिडकीत परत आलो. इतकंच नव्हे तर गल्लीतले लोक यायचे, बंगई बघायचे, साखळ्या ओढून बघायचे, आणि आपापल्या घरी जाऊन आपापल्या म्हाताऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचे.

असं करत मागचा वैशाख आला. दुपारी ऊन असं की कावळ्यांची सावली रस्त्याला चिकटून राहायची आणि कावळे पुढे निघून जायचे. संध्याकाळ झाली आणि उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूने आभाळ मातकट झालं. रुचिताचा मोबाईल केकाटला. "पापा, रेड अलर्ट! इस बार रेड है!"

देवीदास कामाला लागला. कूलर आवळले, कपडे आत, तुळशीची कुंडी आत, गाडी भिंतीला लावली. शेवटी जिन्याखाली गेला. मामा कोपऱ्यात पोत्यावर बसले होते, हातपाय काड्यांसारखे.

"देवीदास, आज नको. आजची वीज वेगळी आहे. मले दिसून राहिली ती. वाटलं तं मी फाटकाबाहेर जातो, सुशीलाच्या पडवीत बसतो. पण टिनाखाली नको."

"तुम्ही पडवीत बसाल तं टिनं कोण धरन? तुमच्या इंदूमामी?"

मामा भिंतीला धरून उठले. कलावतीने कोट आणला, मागची बटणं लावली, वरून दोन गोटे जास्तीचे सरकवले. रेड अलर्ट होता ना. देवीदासने पाय पुढे केला. मामा वाकले. या वेळी ते बराच वेळ वाकलेले राहिले आणि दोन्ही हातांनी भाच्याची पावलं दाबून पाहत होते. देवीदासला बरं वाटलं. तूप, पुरण आणि बाबूगिरी यांनी त्याचं अंग चांगलं भरलं होतं. मामा पहिल्यांदा आले तेव्हा जेवढे भरलेले होते, तेवढ्याच्या जवळपास.

वर नेऊन मामांना बंगईवर ठेवलं आणि देवीदास खाली आला. अंधड आलं. आधी धूळ, मग पाचोळा, मग कोणाचं तरी धोतर, मग त्या धोतराचा मालक, असं एकेक समोरून जाऊ लागलं. टिनं धडधडली. वीज कडाडली तशी मामांनी दोन्ही हात कानांकडे नेले. हात वर झाले आणि अंगात काही उरलंच नसल्यामुळे मामा कोटातून सरळ खाली घसरले. बटणं मागची मागेच राहिली. कोट बंगईवरून कलंडला आणि स्लॅबवर असा आदळला की खाली कलावतीच्या फळीवरचे डबे उतरले.

देवीदास धावत वर गेला. पाहतो तर मामा बनियनवर जिन्याच्या दाराशी उभे, कोट जमिनीवर, बंगई रिकामी, आणि टिनं अँगलसकट हातभर वर उचललेली! विचार करायला वेळ नव्हता. देवीदासने उडी मारली आणि बंगईवर बसला. टिनं खाली आली. जागच्या जागी बसली.

"मामा! कोट द्या इकडे! माह्या मांडीवर ठेवा, मी उतरतो!"

मामांनी कोटाच्या बाहीला हात घातला. ओढून पाहिलं. खरंच ओढून पाहिलं, मी समोरच्या खिडकीतून बघत होतो.

"नाही उचलत, भाचेबुवा," ते म्हणाले. "बासीवरचं अंग आहे."

"मंग तुम्ही या! इथं बसा माह्याजवळ!"

तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखी वीज चमकली. मामांनी डोळे मिटले, उघडले.

"मामा-भाचे? एका छपराखाली? नाही जमत, भाचेबुवा. रीत आहे. तुम्ही वरच्या छपराखाली, मी खालच्या."

आणि मामा जिना उतरून खाली गेले. त्यांनी जिन्याखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग पुढे जाऊन ओट्यापाशी बसले आणि देवीदाससाठी वाढलेलं ताट ओढून घेतलं.

वरून हाका येत होत्या. कलावती जिना चढून दारापर्यंत गेली. देवीदास साखळ्या धरून बसला होता आणि प्रत्येक झोताबरोबर टिनं कुरकुरत होती.

"कलावती! तो कोट आण इथं! दोघं मिळून ओढा!"

कलावतीने कोटाकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं, टिनांकडे पाहिलं. नवीन चुडीदार घातला होता तिने.

"अहो, बसले आहात तं बसा ना थोडं. तुम्ही उतरले अन् टिनं गेली तं? मामाजी इतकी वर्षं बसले, त्यांना काही झालं का?"

"अगं, वीज पडन!"

"वीज मामा-भाचे असले तं पडते. मामाजी खाली आहेत." आणि तिने दार ओढून घेतलं, जिन्यात पाणी येत होतं म्हणून.

रुचिता खिडकीतून हात बाहेर काढून मोबाईलवर चित्रण करत होती. "पापा, इधर देखो! थोड़ा झूलो ना!"

मग तो झोत आला. तो मी आयुष्यात एकदाच पाहिला. आधी सगळं चूप झालं. मग टिनं उठली; फडफडली नाहीत, वाजली नाहीत, ताटावरचं झाकण उचलावं तशी उठली. अँगल, साखळ्या, बंगई, बंगईवर देवीदास. आमच्या गल्लीवरून तो झोके घेत गेला. मला हाक मारली त्याने, "भैया, धरा!" मी हातही वर केला, पण माझ्या हातात चहा होता.

जयस्तंभावरून त्याने एक वळण घेतलं. पंडरीत कापडवाल्यांच्या साड्या सुटून त्याच्या मागे लागल्या, त्यामुळे खालून बघणाऱ्यांना वाटलं की कुठल्या तरी देवाची मिरवणूक चालली आहे, आणि लोकांनी हात जोडले. देवीदास वरून बोंबलत होता. लोकांनी तो आशीर्वाद समजला. पुढे बीरगांवला वारा दमला आणि त्याने देवीदासला एका राइस मिलमागे कोंड्याच्या ढिगावर सोडलं. ढीग मऊ होता. पण बंगईचा सागवानी पाट मागाहून आला तो बरोबर त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर.

बीरगांवच्या कामगारांनी त्याला हातठेल्यावर घालून घरी आणलं. टिनं मात्र आणली नाहीत. ती त्यांनी आपल्या खोल्यांवर टाकली, चार हुक-बोल्ट नीट कसले, आणि ती अजून तिथेच आहेत.

देवीदास वाचला. पाय वाचले नाहीत. आहेत, पण नुसते आहेत, जिथे ठेवाल तिथे राहतात. कलावतीने रडून घेतलं, आणि मग पहिलं काम केलं ते नवीन टिनं आणायचं. शेड उभं राहिलं, बंगई टांगली. देवीदासला खाली-वर करणं कोणाला जमणार? चौघांनी धरून एकदाच वर नेलं. आता तो वरच असतो. पडून असलेल्या माणसाला जड पचत नाही, म्हणून कलावती त्याला बासी देते. मामा खाली असतात, ओट्याजवळ, पाटावर, देवीदासचं ताट पुढ्यात. अंगाने पुन्हा भरले आहेत. जिन्याखालच्या कोपऱ्यात आता कांदे ठेवतात.

या चैत्रात पहिल्यांदा आभाळ गुरगुरलं तेव्हा मी खिडकीत होतो. मामा धापा टाकत जिना चढून आले. बंगईवर देवीदास, अंगात तो काळा कोट, बटणं मागे.

"मामा, खाली न्या ना मले," तो म्हणाला. "जिन्याखाली टाका. तुम्हाले दिसणारबी नाही."

"असं कसं, भाचेबुवा? आभाळ गरजून राहिलं."

मामा वाकले. ठेवले होते तिथे असलेल्या त्या दोन पायांना त्यांनी हात लावला, तो हात कपाळाला लावला. मग खिशातून एक गोटा काढला आणि भाच्याच्या कोटात सरकवला. खारुनवर ते स्वतः जाऊन निवडून आणतात, एकेक हातात घेऊन, अंगठ्याने चोळून बघत. टोचणारा एकही आणत नाहीत.

मग वीज चमकली आणि मामा लगबगीने खाली गेले.